डाऊनहिल रेससाठी पहिली सायकल: मुंबईत राहून घ्यायची तर कशी घ्यायची

ऑफिसातला, सोसायटीतला नाहीतर भाच्याच्या कॉलेजातला कोणीतरी पोरगा महिन्या-दोन महिन्यांनी मला गाठतोच आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, २०० एमएमवाली घेऊ का?" २०० एमएम म्हणजे सस्पेंशनचं ट्रॅव्हल, चाक दबून किती वर येतं ते. खऱ्या डाऊनहिल (डोंगरावरून खाली उतरायच्या शर्यतीच्या) सायकलला पुढेमागे साधारण एवढंच असतं, मोटरसायकलसारखा दोन क्राऊनचा चिमटा (पुढचा फोर्क, वर-खाली दोन पट्ट्यांनी धरलेला) असतो, फॉक्स ४०, रॉकशॉक्स बॉक्सर वगैरे, आणि व्हिडिओत ती इतकी भारी दिसते की बाकी काही डोक्यात शिरतच नाही. मी पण तसाच होतो, हजारो रुपये घालवून शहाणा झालोय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सुरुवात एका किश्शाने. ऑस्ट्रियात लिओगांग म्हणून गाव आहे, तिथे वर्ल्ड कपची रेस होते. २०१४ ला अमेरिकेचा ॲरन ग्विन तिथे खाली येताना त्याचं मागचं टायर गेलं, पठ्ठ्या नुसत्या रिमवर फिनिशपर्यंत आला, लोक वेड्यासारखे ओरडत होते पण जिंकायचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी, २०१५ ला, त्याच डोंगरावर स्टार्टलाच त्याची चेन तुटली. म्हणजे पॅडल मारणं बंद, गियर बंद, सगळं बंद. आणि तो बिनचेनचा रेस जिंकला! मी सायकल निवडायचा सगळा हिशोब या दोन वर्षांवरच लावतो. चेन गेली तरी चालतं, टायर गेलं की खेळ खलास. आपण दुकानात जाऊन बघतो काय तर गियर किती आणि पेंट कुठला.

आधी डोंगर ठरवा, सायकल नंतर

उलटं वाटेल पण पहिली पायरी दुकानात नाहीये. तुम्ही पुढच्या वर्षभरात कुठली रेस मारणार आहात ते आधी ठरवा, आणि मागच्या वर्षीचा त्या ट्रॅकचा व्हिडिओ कोणाच्या हेल्मेट कॅमेऱ्यातला मिळतोय का बघा. इंटरनॅशनल नियमात डाऊनहिलचा ट्रॅक दीड ते साडेतीन किलोमीटरचा आणि २ ते ५ मिनिटांचा असतो. आपल्याकडच्या लोकल रेस बहुतेक वेळा याहून छोट्या असतात, आणि मधे एखादा सपाट तुकडा येतोच जिथे जीव तोडून पॅडल मारायला लागतं, ग्विनसारखी चेन तोडून तिथे भागत नाही. व्हिडिओत तीनच गोष्टी बघायच्या: सगळ्यात मोठा ड्रॉप, म्हणजे उडी मारून उतरायची पायरी, अंदाजे किती फुटांचा आहे, त्याला बाजूने वाट आहे का, आणि पॅडल किती मारावं लागतंय. मग आयोजकांना फोन करून विचारा की हार्डटेलचा (मागे सस्पेंशन नसलेल्या सायकलींचा) गट वेगळा आहे का. असेल तर तुमचे निम्मे पैसे वाचले असं समजा.

मोठी ध्येयं असतील तर सायकलिंग फेडरेशनच्या नॅशनल माउंटन बाइक स्पर्धेत डाऊनहिलचा इव्हेंट असतो, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तर केरळात पोनमुडीला एशियन चॅम्पियनशिप झाली, म्हणजे अगदीच कुठेतरी परदेशातला खेळ राहिलेला नाही. ऑलिम्पिकमध्ये मात्र डाऊनहिल नाही हां, तिथे फक्त क्रॉसकंट्री आहे, १९९६ पासून. घरच्यांना पटवताना ऑलिम्पिकचं नाव घेऊ नका, पकडले जाल.

जमिनीचं पण बघा. आपल्या घाटावरचा मुरूम म्हणजे गोट्यांवरून चालल्यासारखं, वर सुटी खडी आणि खाली कडक, आणि कोकणाकडे उतरलात तर जांभा, तो कोरडा असताना मस्त पकड देतो आणि पहिल्या पावसानंतर शेवाळलेल्या जिन्यासारखा होतो. युरोपातल्या रिव्ह्यूमध्ये "या टायरला अप्रतिम ग्रिप आहे" असं कोणी म्हटलं तर तो तिकडच्या काळ्या ओल्या मातीबद्दल बोलतोय हे लक्षात ठेवायचं.

आणि हो, प्रॅक्टिसला येऊरला किंवा नॅशनल पार्कात जंगलातल्या कुठल्याही पायवाटेवर सायकल घालू नका. ते जंगल खात्याचं आहे, बिबटे पण आहेत आणि दंड पण आहे.

ती वर कशी जाणार, आणि तुमच्या घरी कशी राहणार

हा मुद्दा कोणीच सांगत नाही. कॅनडात व्हिस्लरला लिफ्टला सायकल अडकवतात आणि वर जाऊन बसतात. आपल्याकडे लिफ्ट म्हणजे आपले पाय, किंवा चार जणांनी मिळून केलेला टेम्पो. खरी डाऊनहिल सायकल १६-१७ किलोची असते, सीट खाली, गियर सातच आणि तेही उताराचे, त्यामुळे चढावर ती चालवायची नसतेच, ढकलायची असते. मे महिन्यात अर्धा तास ढकलायची आणि अडीच मिनिटात खाली, असं दिवसातून पाच वेळा करून बघा, मग सांगा मला २०० एमएम. त्याजागी १३-१४ किलोची, छोटे गियर असलेली सायकल असेल तर निम्मा चढ चालवत जाल आणि पाचच्या जागी आठ फेऱ्या होतील. नवशिक्याला फेऱ्या जास्त मिळणं हेच खरं ट्रेनिंग.

त्यात आपली मुंबई. मी मुलुंडला राहतो, दुसरा मजला, लिफ्ट आहे पण दोन क्राऊनच्या चिमट्याची सायकल तिच्यात सरळ बसायची नाही, कारण तो चिमटा वळतच नाही फारसा. उभी करून घुसवायची. ठाण्याहून कर्जत लोकल पकडायची तर लगेजच्या डब्यात, लगेजचं तिकीट काढून, रविवारी पहाटेच, कारण एकदा पाट्यांची गर्दी सुरू झाली की कोळणीच्या टोपलीला तुमचं हँडल लागलं तर जे ऐकाल ते कुठल्याही हेल्मेटने अडत नाही. डाऊनहिलचं हँडल ८०० एमएमचं असतं, म्हणजे दाराच्या निम्म्याहून जास्त जागा तुमचीच. पुढचं चाक पटकन काढता येतंय का, हँडल सैल करून फिरवता येतंय का, हे दुकानातच करून बघा.

बजेट: सायकलचं नाही, सगळ्याचं

समजा तुमच्याकडे सव्वा लाख आहेत. तर सायकल सव्वा लाखाची घ्यायची नाही. पंधरा-वीस हजार आधीच बाजूला काढायचे: फुल फेस हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, पूर्ण बोटांचे ग्लव्ह्ज, गॉगल. फुल फेसशिवाय रेसला उभंच करत नाहीत आणि करत असतील तर त्या रेसला जाऊ नका. हेल्मेटच्या आत डाऊनहिलचं सर्टिफिकेशन, एएसटीएम एफ १९५२, छापलेलं असतं, ते शोधा. काही जण मोटोक्रॉसचं हेल्मेट वापरतात, चालतं, पण ते जड आणि आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात आत प्रेशर कुकर. हेल्मेट सेकंडहँड कधीच घेऊ नका, मित्राचं असलं तरी. बाकी सगळं सेकंडहँड चालेल.

मग अजून दहा-बारा हजार टायर, ब्रेक पॅड आणि पहिल्या दोन महिन्यांत जे मोडेल त्याला. मोडणार आहेच काहीतरी, डिरेलर हँगर तर नक्कीच, मागचा गियर बदलणारा डिरेलर ज्याला अडकतो तो छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा सायकल घेतानाच एक एक्स्ट्रा घेऊन ठेवा कारण प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि ऐनवेळी मिळत नाही.

उरले नव्वदेक हजार. आता काय घ्यायचं?

तीन रस्ते

पहिला रस्ता, चांगली हार्डटेल. म्हणजे पुढे सस्पेंशन, मागे काही नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षासाठी हीच. पण "हार्डटेल" म्हणून दुकानात जे पहिलं पुढे करतात ती क्रॉसकंट्रीची असते, १०० एमएमचा हलका चिमटा आणि हेड अँगल ६८-६९ अंशांचा. हेड अँगल म्हणजे चिमटा किती आडवा झुकलाय. तो जितका कमी तितकं पुढचं चाक पुढे जातं आणि उतारावर तुम्ही हँडलवरून उडायची शक्यता कमी होते. डाऊनहिल सायकलला ६२-६३ असतो. तुम्हाला पाहिजे ती ट्रेल हार्डटेल, ६५-६६ च्या आसपास, १२० ते १४० एमएमचा चिमटा, २.४ इंचाचं टायर बसेल अशी. ट्रेकची रॉस्को, मरीनची सॅन क्वेंटिन या जातीच्या सायकली, म्हणजे शोधताना काय डोळ्यासमोर ठेवायचं ते कळावं म्हणून नावं सांगतोय. हार्डटेल चालवून लाइन निवडायला शिकता, कारण चुकीच्या दगडावर गेलात की ढुंगणाला लगेच पावती मिळते.

दुसरा रस्ता, नवीन ट्रेल फुल सस्पेंशन, १३० ते १५० एमएम. चांगली गोष्ट, पण आपल्याकडे लाखाच्या पुढे बरंच जावं लागतं. आणि इथे एक सापळा आहे. रस्त्यावरच्या दुकानात पंधरा-वीस हजाराला मिळते ना, मधे जाडजूड स्प्रिंग, "डबल जंपरवाली"? ती डोंगरावर न्यायची नाही. तिच्यात डॅम्पिंगच नसतं, नुसती स्प्रिंग, दबली की तेवढ्याच जोरात उलटी फेकते. त्यापेक्षा त्याच पैशात मागे काही नसलेली सायकल शंभर पटीने बरी. साधी परीक्षा आहे, शॉकवर रिबाउंडचा (दबल्यावर किती वेगाने परत उघडायचं ते ठरवणारा) स्क्रू किंवा नॉब आहे का ते बघा, आणि नसेल तर "नको" म्हणून बाहेर या.

तिसरा रस्ता, जुनी खरी डाऊनहिल सायकल, सेकंडहँड. जायंट ग्लोरी, स्पेशलाइज्ड डेमो, ट्रेक सेशन, कोना ऑपरेटर, अशा कधीतरी पुण्या-मुंबईत विकायला निघतात. बाहेरून नवीन मागवायची तर शिपिंग, कस्टम ड्यूटी, त्यावर टॅक्स, असं करत आकडा भलतीकडेच जातो, त्यामुळे सगळ्यांना ही जुनी सायकल म्हणजे लॉटरी वाटते. मी ती लॉटरी घेतली होती. ते खाली सांगतोच.

तिन्हीपैकी काहीही घ्या, फ्रेमवर एक नंबर शोधा. बऱ्याच कंपन्या १ ते ५ असा वापराचा वर्ग देतात, स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये. ३ म्हणजे क्रॉसकंट्री, ड्रॉप ६१ सेंटिमीटरपर्यंत. ४ म्हणजे १२२ सेंटिमीटरपर्यंत. ५ म्हणजे डाऊनहिल, मोठ्या उड्या. आता आठवा तो व्हिडिओ आणि त्यातला ड्रॉप. कंबरेएवढ्या ड्रॉपची रेस आणि ३ नंबरची फ्रेम हे गणित कोणी "चालतंय की" म्हणून सांगितलं तरी ऐकू नका, फ्रेम तुटते ती हेडट्यूबपाशी, म्हणजे चिमटा जिच्यातून जातो त्या पुढच्या नळीपाशी, आणि तेव्हा तुमचं तोंड बरोबर तिच्या मागे असतं. याच कारणाने १०० एमएमच्या फ्रेमला १६० चा चिमटा बसवायचा जुगाड पण नको, चिमटा लांब झाला की सगळा दणका त्याच जॉइंटवर येतो, वॉरंटी जाते ती वेगळीच.

दुकानात काय बघायचं, कुठल्या क्रमाने

टायर. कंपनीकडून आलेलं टायर बहुतेक वेळा हलकं आणि पातळ भिंतीचं असतं, वजन कमी दिसावं म्हणून. ते बदलायचंच आहे असं धरून चाला. मॅक्सिसचं असेगाय, मिनियन डीएचएफ, डीएचआर टू ही नावं सगळीकडे ऐकाल आणि खरंच चांगली आहेत, पण नावापेक्षा भिंत किती जाड ते महत्त्वाचं, केसिंग म्हणतात त्याला. पूर्ण डाऊनहिल केसिंग ढकलायला जड पडतं, डबलडाऊन त्याच्या जरा खाली, आपल्याला पुरतं. दोन्ही परवडत नसतील तर पुढे चांगलं आणि मऊ रबरचं घाला, मागचं घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर माणूस आधी पोचतो. रिम ट्यूबलेस होणारी आहे का विचारा. ट्यूब असेल तर दगडावर आपटून सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात, ती भीती म्हणून लोक हवा टाइट भरतात आणि मग सायकल चेंडूसारखी उडते. ट्यूबलेसला साधारण २२ ते २८ पीएसआय, वजनाप्रमाणे, मागे दोन-तीन जास्त. पंपवाल्या मामाला "टाइट भरा" सांगायची सवय मोडा.

ब्रेक. हायड्रॉलिक डिस्कच, यात चर्चा नाही. बेसिक दोन पिस्टनवाले ब्रेक सुरुवातीला चालतात पण लांब उतारावर तापून लिव्हर हँडलला टेकायला लागतो, म्हणून चार पिस्टनवाले मिळत असतील तर उत्तम, शिमानोचे एमटी ४२० किंवा एमटी ५२० च्या लेव्हलचे. पुढे रोटर, म्हणजे डिस्कची चकती, १८० एमएम तरी हवा, २०३ बसत असेल तर बसवा, पण फ्रेमला आणि चिमट्याला जास्तीत जास्त किती चालतो ते आधी बघून. एक बारीक गोष्ट, स्वस्त रोटरवर "रेझिन पॅड ओन्ली" असं बारीक अक्षरात कोरलेलं असतं. त्यावर मेटलचे पॅड घातले तर रोटरच खाऊन टाकतात, आणि रेझिन पॅड पावसातल्या चिखलात एका दिवसात संपतात. म्हणजे पॅड बदलायचे तर रोटर पण बदलायचा, तो खर्च धरा.

मग चिमटा. जाड नळ्या, एअर स्प्रिंग म्हणजे वजनाप्रमाणे हवा भरून सेट करता येतो, रिबाउंडचा नॉब, आणि चाक धरायला १५ एमएमचा थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड दांडा). जुन्या पद्धतीचा ९ एमएमचा क्विक रिलीज असेल तर ती सायकल डाऊनहिलसाठी नाही, मुद्दा संपला. हेडट्यूब टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत जाणारी, असावी, उद्या चिमटा बदलायचा झाला तर पर्याय मिळतात.

चाकाचा साइज हा भांडणाचा विषय आहे. थोडक्यात सांगतो. पूर्वी सगळं २६ इंची होतं. मग २७.५ आलं. २०१७ ला सांताक्रूझच्या टीमने वर्ल्ड कपमध्ये २९ इंची चाकं उतरवली, त्यावर ग्रेग मिनारने स्कॉटलंडमधली फोर्ट विल्यमची रेस मारली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. २०१९ पासून पुढे २९ मागे २७.५ असं मिक्स पण चालायला लागलं, त्याला मलेट म्हणतात. तुम्ही साडेपाच फुटाच्या खाली असाल तर मागचं २९ तीव्र उतारावर मागे सरकल्यावर बुडाला घासतं, तुम्हाला मलेट किंवा २७.५ बरं. बाकीच्यांनी जे चांगल्या भावात मिळेल ते घ्या. फक्त २६ नको, का ते खाली येतंच.

साइज मात्र चुकवू नका. सीटची उंची विसरा, उतारावर आपण सीटवर बसतच नाही. रीच नावाचा आकडा बघा, पॅडलचे दांडे (क्रँक) ज्या ॲक्सलवर फिरतात त्यातून सरळ वर रेघ काढली तर तिथपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. पाच फूट सात-आठ इंच उंचीला ४४०-४६० एमएमच्या आसपास ठीक पडतं. उभं राहून, कोपरं बाहेर काढून, छाती खाली आणून बघा, कोंबल्यासारखं वाटलं तर छोटी आहे.

गियर शेवटी. पुढे एकच चकती, नॅरो-वाइड (आलटून पालटून बारीक आणि जाड) दातांची, आणि चेन गाइड लावता येत असेल तर लावा. मागे आठ असोत की बारा, फरक पडत नाही, एक कडी तुटली तर ग्विन आहेच.

सेकंडहँड बघायला जाताना

माझी लॉटरी अशी. २६ इंची, दोन क्राऊन, काळी, विकणारा गोड बोलणारा, आणि मी ती बघितली संध्याकाळी साडेसातला बांद्र्याच्या एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मोबाईलच्या टॉर्चवर. तिथेच पहिली चूक. दिवसाच बघायची, उन्हात, धुतलेली. धुतलेली नसेल तर फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन जा आणि विकणाऱ्यादेखत पुसा, काही वाटू द्यायचं नाही.

कुठे पुसायचं? हेडट्यूबच्या खालचा जोड, बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकची बेअरिंग बसते त्या जागेच्या) भोवतीची वेल्डिंग, शॉक जिथे फ्रेमला बसतो ते कान आणि मागच्या स्विंगआर्मचे कोपरे. केसासारखी रेघ दिसली तर नखाने खरवडा, पेंटची असेल तर कळते, नख अडकलं तर क्रॅक. दोन क्राऊनवाल्या सायकलीत पडल्यावर चिमट्याच्या नळ्या फ्रेमवर आपटतात, तिथे पोचे आहेत का बघा. चिमट्याच्या नळ्यांवर वरून खाली नख फिरवा, ओरखडा नखाला लागला तर तो सील कापणार आणि तेल गळणार. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, टकटक झाली तर हेडसेट (हेडट्यूबमधली बेअरिंग) किंवा चिमट्याच्या आतल्या बुशिंग गेल्यात. सीट धरून मागचं उचला आणि सोडा, लिंकेजमध्ये (मागच्या सस्पेंशनच्या सांध्यांमध्ये) खटखट आली तर बेअरिंगचा पूर्ण सेट बदलायचा खर्च. मुंबईच्या खाऱ्या हवेत गॅलरीत दोन पावसाळे काढलेल्या सायकलीच्या बेअरिंगबद्दल मी काहीच चांगलं गृहीत धरत नाही. चाक फिरवून आऊट किती आहे बघा. थोडा आऊट मामा काढून देतो, रिमला घडी पडली असेल तर नाही.

आता मी काय बघितलं नव्हतं ते ऐका. मागच्या कॉइल शॉकच्या स्प्रिंगवर आकडा असतो, उदाहरणार्थ ४५० आणि त्यापुढे २.७५. पहिला म्हणजे एक इंच दाबायला किती पौंड लागतात, दुसरा म्हणजे किती इंच दबू शकते. माझ्या सायकलला ५५० होती. आधीचा मालक नव्वदीच्या पुढचा, मी बासष्ट किलो. मी बसलो तरी मागचं ढिम्म हलायचं नाही. म्हणजे पैसे दिले २०० एमएमचे आणि चालवली हार्डटेल, फक्त पाच किलो जड. योग्य स्प्रिंग मिळवायला दोन महिने गेले. मग टायर फाटलं आणि २६ इंची जाड केसिंगचं टायर शोधायला अजून एक महिना. तो सीझन मी सायकलपेक्षा फोनच जास्त चालवला. म्हणून जुनी घेण्याआधी एका कागदावर लिहून न्या: चाकाचा साइज, पुढचा-मागचा ॲक्सल किती एमएमचा, शॉकची लांबी, ब्रेकला डॉट तेल लागतं का मिनरल, आणि या प्रत्येकाचा पार्ट आज इथे मिळतो का ते दोन दुकानांत फोन करून विचारा. दोघं "मागवून देतो" म्हणाले तर तो नकार समजा.

घरी आणल्यावर, डोंगरावर जाण्याआधी

सगळ्यात आधी ब्रेकची बाजू. आपल्याकडे मोटरसायकलसारखाच उजवा लिव्हर म्हणजे पुढचा ब्रेक. युरोप-अमेरिकेतून आलेल्या सायकलीला बहुतेक वेळा उलटं असतं, डावा पुढचा. माझ्या त्या काळ्या सायकलीला तसंच होतं, मला माहीत पण होतं, म्हटलं होईल सवय. पहिल्याच उतारावर एक दगड आला, हाताने सवयीप्रमाणे डावा दाबला, मागचा समजून. पुढचं चाक जागेवर थांबलं, मी नाही. तीन आठवडे मनगट प्लास्टरमध्ये आणि आईचं एकच वाक्य, "वयाला शोभतं का हे?" दोन्ही नळ्या बदलून घ्यायला मेकॅनिकला तासभर लागतो. तो तास द्या.

मग सॅग. म्हणजे हेल्मेट-पॅड सगळं घालून सायकलवर नुसतं उभं राहिल्यावर सस्पेंशन किती दबतं. भिंतीला टेकून उभे राहा, चिमट्याच्या नळीवर रबर रिंग असते ती खाली सरकवा, नसेल तर बारीक झिप टाय बांधा, हळूच उतरा आणि मोजा. पुढे २० ते २५ टक्के, मागे ३० च्या आसपास. १४० एमएमच्या चिमट्याला म्हणजे २८ ते ३५ एमएम. मागे मात्र शॉकच्या दांड्यावर मोजायचं, चाकावर नाही, दांडा ५० एमएम दबत असेल तर १५ एमएम. हवा कमीजास्त करायला शॉक पंप लागतो, साधा पंप लावू नका, आणि तो पंप तुमच्या ग्रुपमध्ये कोणाकडे तरी असतोच, वडापाववर मिळतो.

रिबाउंडसाठी फूटपाथवरून बसल्या बसल्या सायकल खाली उतरवा. दबून वर आली आणि थांबली तर बरोबर, दोन-तीनदा नाचली तर नॉब एक क्लिक हळू करा. पॅडल फ्लॅट, पिनांवाले, आणि बूट सपाट मऊ तळाचे. क्लिप पॅडलचा मोह पहिल्या वर्षी नको, पडताना पाय सुटला पाहिजे.

पहिला प्रॅक्टिसचा दिवस

वर जाण्याआधी ट्रॅक पायी चाला, सायकल न घेता. पहिल्या दोन फेऱ्या निम्म्या स्पीडने. आणि दुसऱ्या फेरीनंतर ॲलन की काढून सगळे बोल्ट परत तपासा: स्टेम (हँडल धरणारा तुकडा), क्रँक, ॲक्सल, रोटरचे सहा, लिंकेजचे. नवीन सायकलीचे पहिल्या दिवशी सैल होतातच, माझ्या मित्राचा स्टेम तर हवेत असतानाच फिरला होता, हँडल एकीकडे चाक दुसरीकडे. चिमट्याच्या रिंगकडे पण बघा, दिवसभरात सगळ्यात अवघड जागी ती टोकाच्या जरा आधी थांबायला हवी. टोकाला रोजच पोचत असेल तर पाच पीएसआय वाढवा, अर्ध्यावरच राहत असेल तर कमी करा.

घरी आल्यावर पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, बादली आणि फडकं पुरे. वॉचमनशी आधी बोलून ठेवा म्हणजे पार्किंगमध्ये लाल चिखल झाला तर सेक्रेटरीचा फोन येणार नाही. रोटर स्पिरिटने पुसा, चेनला तेल लावताना एक थेंब जरी डिस्कवर गेला तरी पुढच्या रविवारी ब्रेक नुसता किंचाळेल आणि लागणार नाही. आणि चिमट्याची खालची सर्व्हिस, सील साफ करून तेल बदलणं, ५० तास चालवल्यावर करायची असते. मोबाईलमध्ये तास लिहीत जा. आपल्याकडे जूनच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा असं धरलंत तरी चालेल, पण दसऱ्याची आधी बुक करा, तेव्हा सगळ्यांनाच आठवण होते.